अनुभव धागा: भौतिकशास्त्रात पुढे शिकताना पैशांचा आणि नोकरीचा हिशेब कसा मांडलात?

माझी भाची यंदा बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे एमएस्सी आणि पीएचडी करायचीच, हे तिचं पक्कं आहे. घरात सगळ्यांना काळजी आहे ती कमाईची. 'आवड असली की पैसा मागून येतो' म्हणणारे खूप भेटले, आकडे सांगणारं कुणी भेटलं नाही. स्टायपेंड किती होता, वेळेवर यायचा का, घरी पैसे पाठवावे लागत होते का, नोकरी कशी लागली, सगळं मोकळेपणाने लिहा. अशा गोष्टी विचारायला मुलं लाजतात, म्हणून मोठ्यांनीच आधी सांगायला हव्यात.

पुणे, पीएचडीचं चौथं वर्ष
नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची कनिष्ठ फेलोशिप मिळाली. पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, त्यानंतर एसआरएफचे, म्हणजे वरिष्ठ फेलोशिपचे ४२,०००. वसतिगृह नसेल तर घरभाडं वेगळं. हे दर जानेवारी २०२३ पासूनचे, त्याआधी ३१,००० आणि ३५,००० होते. मी रेडिओ खगोलशास्त्रात आहे, खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा डेटा वापरते. हॉस्टेलला राहून दर महिन्याला घरी थोडे पाठवता येतात. खरा प्रश्न पुढचा आहे. फेलोशिप पाच वर्षांची, प्रबंध मात्र सहाव्या वर्षात जातो. मग दोन-तीन वर्षांचा एक पोस्टडॉक (पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी), बहुतेकदा परदेशात, मग दुसरा. कायम नोकरी लागेपर्यंत पस्तिशी येते, आणि लग्न, घर, आईबाबांची दुखणी हे सगळं त्याच वर्षांत येतं. तरी पुन्हा निवडायची वेळ आली तर मी हेच निवडेन.

मराठवाडा, सहायक प्राध्यापक
ताई, भाचीला एक गोष्ट आधी सांगा: पीएचडीला प्रवेश मिळणं वेगळं आणि फेलोशिप मिळणं वेगळं. मी सेट (प्राध्यापकीसाठीची राज्याची पात्रता परीक्षा) पास होतो, जेआरएफ नव्हती. विद्यापीठात प्रवेश मिळाला, गाईडही मनापासून शिकवणारे मिळाले, पण हातात रुपया नाही. म्हणून एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागलो. जेवढे तास घेतले तेवढंच मानधन, तेही काही महिन्यांचं एकदम यायचं. उन्हाळ्यात तास नाहीत म्हणजे पैसेही नाहीत.

विषय होता गॅस सेन्सरसाठी थिन फिल्म, म्हणजे पदार्थाचे अतिशय पातळ थर. स्प्रे पायरोलिसिसचा (तापलेल्या पृष्ठभागावर द्रावण फवारून थर बनवण्याचा) सेटअप विभागात होता, पण केमिकल पुष्कळदा स्वतःच्या खिशातून आणायचो. एक्सआरडीला (क्ष-किरणांनी रचना तपासायला) दर सॅम्पलमागे पैसे, टीईएमसाठी (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी) सॅम्पल बाहेरगावी पाठवायचे आणि त्याचे त्याहून जास्त. दहा सॅम्पल बनवून त्यातली दोनच तपासायला पाठवायची, हे मी केलंय. त्याचा परिणाम थेट संशोधनावर होतो. पूर्ण मोजमाप नसलेला पेपर जर्नलचे तपासणारे रेफरी परत पाठवतात आणि वर्ष जातं. बायकोच्या पगारावर घर चाललं, हे इथे लिहायलाच हवं.

पात्र असाल तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. आणि गाईडना पहिल्याच भेटीत विचारा, प्रोजेक्टमध्ये पैसे आहेत का? त्यांना राग येत नाही. आला तर तेही आधी कळलेलं बरं.

पुणे, पीएचडीचं चौथं वर्ष
दादांचं म्हणणं शंभर टक्के खरं. त्यात एक भर: माझ्या मैत्रिणीला जेआरएफ होती, तरी विद्यापीठाकडून दरमहा जाणारी ऑनलाइन पुष्टी राहिली की पैसे अडकायचे. तीन-चार महिन्यांचा खर्च भागेल एवढी शिल्लक सुरुवातीपासून बाजूला ठेवा.

कोल्हापूर, मेडिकल फिजिसिस्ट
हा रस्ता फार कमी मुलांना माहीत असतो. एमएस्सीनंतर भाभा अणुसंशोधन केंद्रात (बीएआरसी) रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा केला, मग इंटर्नशिप. कॅन्सर रुग्णालयात रेडिओथेरपी चालवायची तर अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमाने मेडिकल फिजिसिस्ट लागतोच, त्यामुळे फिजिक्सच्याच जोरावर नोकरी मिळते. सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी आयन चेंबर हे किरणं मोजणारं उपकरण लावून लिनॅकचा, म्हणजे किरणोपचाराच्या यंत्राचा डोस बरोबर येतोय का, ते मी तपासतो. एमएस्सीला शिकलेलं रोज वापरतो.

जर्मनी
इथे बहुतेक सरकारी विद्यापीठांत मास्टर्सला शिक्षण फी नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. फी नाही म्हणून खर्च नाही असं समजू नका. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. आमच्या घरच्यांनी त्यासाठी कर्ज काढलं. पीएचडी म्हणजे बहुतेक ठिकाणी रीतसर नोकरी, पगारातून पेन्शन आणि आरोग्यविमा कापला जातो. माझं काँट्रॅक्ट पूर्ण पदाचं नाही, तरी त्यातून हप्ते फिटतायत.

अणुशक्तीनगर
भाचीने ओसीईएसचाही, म्हणजे अणुऊर्जा विभागाच्या प्रशिक्षणातून नोकरी देणाऱ्या योजनेचाही विचार करावा. एमएस्सीनंतर निवड झाली तर बीएआरसी ट्रेनिंग स्कूलमध्ये वर्षभर स्टायपेंडवर प्रशिक्षण, मग वैज्ञानिक अधिकारी, सुरुवातीचं मूळ वेतन ५६,१०० आणि वर भत्ते. तीन वर्षं नोकरी करण्याचा बाँड असतो. मी पीएचडी नोकरीत राहूनच होमी भाभा राष्ट्रीय संस्थेतून केली. वडील गेल्यावर धाकट्या भावाचं शिक्षण माझ्यावर होतं, त्यामुळे पगार थांबून चालणारच नव्हतं. विषय पूर्णपणे आपल्या मनासारखा मिळेल असं नाही, हे मात्र धरून चाला. खुल्या गटाला वयोमर्यादा २६ आहे, त्यामुळे अर्ज एमएस्सीच्या शेवटच्या वर्षातच भरायला सांगा.