'स्वल्पविराम' आणि 'कॉमा': अर्थ एकच का?

प्रश्न: इंग्रजी लिहिताना कॉमा नेमका कुठे द्यावा, हे मला अजून नीट उमगलेले नाही. 'वाचताना जिथे थोडे थांबतो तिथे स्वल्पविराम' असे शाळेत शिकलो होतो. त्याच नियमाने लिहिलेल्या माझ्या अर्जातले निम्म्याहून अधिक कॉमे वरिष्ठांनी खोडले. 'स्वल्पविराम' आणि 'कॉमा' हे समानार्थी शब्द आहेत ना?

उत्तर: चिन्ह एकच आहे, परंतु दोन्ही नावे त्याच्याकडे वेगवेगळ्या बाजूंनी पाहतात आणि माझ्या मते घोटाळ्याचे मूळ तिथेच आहे. 'स्वल्प' म्हणजे अगदी थोडा आणि 'विराम' म्हणजे थांबणे. म्हणजे आपल्या नावाचे लक्ष वाचणाऱ्याच्या श्वासाकडे आहे. 'कॉमा' मात्र ग्रीक 'कोम्मा'वरून आला असून त्याचा अर्थ 'कापलेला तुकडा' असा आहे. वक्तृत्वशास्त्रात वाक्याच्या लहानशा तुकड्याला हे नाव होते, आणि पुढे तो तुकडा दाखवणाऱ्या चिन्हालाच ते चिकटले. आपल्या जुन्या मोडी कागदपत्रांत विरामचिन्हे नसत. ती इंग्रजीवरून मराठीत रुळवण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातील मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते.

आजच्या इंग्रजी गद्यात कॉमा मुख्यतः वाक्याची रचना दाखवतो. म्हणून 'इथे मी थांबतो का?' असे न विचारता, 'हा तुकडा उचलून बाजूला ठेवला तर मूळ विधान तसेच राहते का?' असे विचारावे. 'माय ब्रदर हू लिव्ज इन नाशिक इज अ टीचर' या वाक्यात एकही कॉमा नसेल, तर भाऊ एकाहून अधिक आहेत आणि त्यांपैकी नाशिकचा शिक्षक आहे, असा अर्थ निघतो. 'ब्रदर' आणि 'नाशिक' या शब्दांनंतर एकेक कॉमा दिला की भाऊ एकच उरतो आणि नाशिक ही केवळ जादा माहिती ठरते. मराठीत हा भेद आपण चिन्हावर सोडत नाही. 'माझा जो भाऊ नाशिकला राहतो, तो शिक्षक आहे' आणि 'माझा भाऊ शिक्षक आहे. तो नाशिकला असतो' अशी वाक्येच निराळी करतो. त्यामुळे इंग्रजीतल्या त्या दोन चिन्हांवर किती भार आहे, हे आपल्याला सहज जाणवत नाही आणि पुष्कळदा पहिला कॉमा देऊन दुसरा राहून जातो.

इंग्रजी मसुदे तपासताना मला सर्वाधिक आढळणारी चूक वेगळीच आहे, आणि ती थेट मराठीतून आलेली आहे. 'आपणांस कळविण्यात येते की,' असे लिहिण्याची आपल्याला सवय असते. 'की'नंतरचा तो स्वल्पविराम इंग्रजीत उतरतो आणि 'आय विश टू इन्फॉर्म यू दॅट, माय डॉटर इज अनवेल' असे वाक्य तयार होते. वास्तविक 'दॅट'पासून पुढचा सगळा भाग म्हणजे काय कळवले त्याचा मजकूर आहे. तो क्रियापदाला बांधलेला असल्यामुळे तिथे छेद देता येत नाही. लांबलचक कर्त्याचेही तसेच आहे. 'द स्टूडंट्स हू पेड द फी बिफोर जून कॅन कलेक्ट देअर कार्ड्स' हे वाचताना 'जून'पाशी श्वास घ्यावासा वाटतो हे खरे, परंतु तिथे कॉमा दिला तर कर्ता आणि क्रियापद यांची ताटातूट होते. उलट 'पाऊस होता, घरीच थांबलो' ही रचना मराठीत अगदी साधी. इंग्रजीत मात्र दोन स्वतंत्र वाक्ये नुसत्या कॉमाने जोडणे दोष मानला जातो, म्हणून तिथे 'सो'सारखे अव्यय, अर्धविराम किंवा पूर्णविराम लागतो. 'इफ' किंवा 'व्हेन'ने सुरू होणारे उपवाक्य आधी आले तर त्यानंतर कॉमा द्यावा, शेवटी आले तर बहुधा लागत नाही.

पुन्हा प्रश्न: आणि यादीत शेवटच्या 'अँड'पूर्वी? काही जण देतात, काही जण कटाक्षाने टाळतात.

उत्तर: दोन्ही पद्धती रूढ आहेत. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेची पद्धत तो देण्याची असल्याने त्याला 'ऑक्सफर्ड कॉमा' म्हणतात. आपण काम करतो तिथली पद्धत पाळावी. मात्र शेवटचे पद कुठे सुरू होते याविषयी शंका राहत असेल, तर तो अवश्य द्यावा. अमेरिकेतील मेन राज्यात जादा कामाचा वाढीव मोबदला कोणत्या कामांना लागू नाही, याची यादी कायद्यात होती आणि तिचा शेवट 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' असा होता. 'शिपमेंट'नंतर कॉमा नव्हता. तिथल्या ओकहर्स्ट डेअरीचे वाहनचालक माल पोहोचवत, बांधत नसत. त्यांचे म्हणणे असे की, इथे काम एकच सांगितले आहे, ते म्हणजे पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी माल बांधणे; नुसते वितरण यादीत नाही, म्हणून आम्हाला वाढीव मोबदला मिळायला हवा. यादीतली बाकीची कामे 'कॅनिंग', 'स्टोअरिंग' अशा रूपांत आहेत आणि 'डिस्ट्रिब्यूशन' तसे नाही, हाही त्यांचा मुद्दा होता. मजकूर संदिग्ध असल्याचे मानून २०१७ मध्ये अपील न्यायालयाने चालकांच्या बाजूने निकाल दिला आणि पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. नंतर मेनच्या विधिमंडळाने त्या यादीतले कॉमे काढून प्रत्येक कामानंतर अर्धविराम घातला, आणि 'डिस्ट्रिब्यूशन'चे 'डिस्ट्रिब्यूटिंग' केले.