‘बाळ झोपलं की चित्र काढ’ हा सल्ला आता बंद करा

ओलारंग :

नुकती आई झालेल्या चित्रकर्तीला सगळ्यात जास्त ऐकावा लागणारा सल्ला म्हणजे ‘बाळ झोपलं की चित्र काढत जा’. सांगणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, त्यामुळे कोणी तोंडावर बोलत नाही. मी बोलते. हा सल्ला देणाऱ्याने एकतर कधी चित्र रंगवलेलं नसतं, किंवा कधी बाळ सांभाळलेलं नसतं.

तैलरंगात काम करणाऱ्या बाईचं घ्या. रंग पॅलेटवर काढले, कालचा थर कितपत वाळलाय ते बोटाने पाहिलं, हवी ती छटा जुळवली, एवढ्यात बाळाची निम्मी झोप संपली. मग चार पावलं मागे जाऊन नुसतं बघत राहायचं. बाहेरच्याला ते रिकामं उभं राहणं वाटतं, पण चित्राचे सगळे निर्णय तिथेच होतात. आणि नेमकं तेव्हाच आतून रडणं. ब्रश तसाच टाकायचा, हात साबणाने घासायचे, नखांत कॅडमियमचा विषारी लाल अडकलाय का ते उजेडात बघायचं आणि मग बाळाला उचलायचं. परत येऊन पाहावं तर ती छटा कशासाठी जुळवली होती तेच डोक्यातून गेलेलं.

आईला उरलासुरला वेळ नको, ठरलेला वेळ हवा. आठवड्यातली एक सकाळ का असेना, पण दार बंद, आणि मूल दुसऱ्या कुणाच्या तरी संपूर्ण जबाबदारीवर. ‘जरा बघतेस का, रडतोय’ चालणार नाही. हे जमणारच नसेल तर ‘सध्या मी रंगवत नाही’ असं सरळ सांगून मोकळं व्हावं. रोज थोडं थोडं न जमण्यापेक्षा ते बरं.

आणि कृपया फ्रेंच चित्रकर्ती बर्थ मोरिसोचं उदाहरण तोंडावर फेकू नका. १८७४ ते १८८६ या काळात पॅरिसमध्ये तिच्या गटाची, म्हणजे इम्प्रेशनिस्ट चित्रकारांची, आठ प्रदर्शनं झाली, त्यातलं फक्त १८७९ चं तिने चुकवलं, कारण आदल्या वर्षी मुलगी झाली होती. हे खरंच. पण त्याच मुलीला दूध पाजणाऱ्या दाईचं चित्रही तिने रंगवलंय. म्हणजे बाळ दाईच्या मांडीवर होतं, म्हणून आईच्या हातात ब्रश होता. ‘बाळ झोपल्यावर’ वगैरे तिथे काही नव्हतं.

जलरेषा :

तळमळ पोचली, निष्कर्षाशी असहमत. आधी तांत्रिक. तुकड्यातुकड्यात काम करायचं तर तैलरंगाइतकं सोशिक माध्यम नाही. ॲक्रिलिक काही मिनिटांत वाळून बसतं. तैलरंग दिवसभर ओला राहतो, पॅलेट झाकून ठेवलं तर दुसऱ्या दिवशीही बराचसा चालतो. तुम्ही ज्याला दोष देताय तो त्याचा गुण आहे. धोका वेगळ्याच गोष्टींचा आहे. रंग पातळ करायच्या टर्पेंटाइनची वाफ मूल झोपतं त्या खोलीत नको. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात फेकू नका, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवा.

मी स्वतः मूल झाल्यावर ग्वाशकडे, म्हणजे अपारदर्शक जलरंगाकडे, वळले. वाळलेला रंग पाणी लावलं की पुन्हा जागा होतो. डब्यात ओला स्पंज, त्यावर बेकिंगचा कागद, त्यावर रंग, वर झाकण. कुठल्याही क्षणी उठता येतं आणि कुठल्याही क्षणी परत बसता येतं. चित्रं पोस्टकार्डाएवढी झाली. पण त्या आकाराने मला जे शिकवलं ते मोठ्या कॅनव्हासने कधी शिकवलं नव्हतं. अख्खी आकृती मावत नाही, मग नेमकं काय ठेवायचं हे ब्रश बुडवायच्या आधी ठरवावं लागतं. आणि ते ठरवणं मी मुलाला झोपवताना करते. त्याला तुमची बंद खोली लागत नाही.

‘एक अख्खी सकाळ नाहीतर काहीच नाही’ हा हट्ट ज्यांच्याकडे मूल सांभाळायला दुसरं माणूसच नाही त्यांना कायमचं बाहेर काढतो.

ओलारंग :

जलरेषा, लहान आकार तुम्ही निवडलात की पदरात पडला? उद्या मूल मोठं झालं तर मोठ्या कॅनव्हासकडे परत जाल का? टोमणा नाही, खरंच विचारतेय.

जलरेषा :

पदरात पडला. परत जाईन की नाही सांगता येत नाही. पण पदरात पडलेलं सगळंच वाईट असतं असं थोडंच आहे.

खिडकीपाशी :

इतिहासात डोकावलं तर दोघींनाही आपापल्या बाजूचे पुरावे मिळतील. डच चित्रकर्ती रॅशेल राउश (१६६४-१७५०) फुलांची चित्रं रंगवायची. १० मुलं, आणि तरी ऐंशी ओलांडल्यावरही चित्रांवर सही करत होती. इटलीतल्या बोलोन्याची लाव्हिनिया फोंताना, ११ मुलं, पण तिचा चित्रकार नवरा स्वतःचं काम बाजूला ठेवून तिच्या कामात मदत करायचा, घर बघायचा. सोळाव्या शतकात! (त्या ११ पैकी तीनच मुलं तिच्यामागे राहिली, म्हणून हा आकडा नुसता कौतुकाने सांगवत नाही.) याउलट ज्युडिथ लेस्टर. विशीतच नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या चित्रकार संघाची सदस्य. १६३६ मध्ये लग्न, तेही चित्रकाराशीच, नंतर पाच मुलं. लग्नानंतरची तिची चित्रं अगदी तुरळक सापडतात.

म्हणजे नवरा चित्रकार असला की प्रश्न सुटतो असंही नाही. फोंतानाच्या घरी कोण काय करणार हे ठरलेलं होतं. मला वाटतं ओलारंग म्हणतात ते तेच.

तिरकस :

लेस्टरने नवऱ्याच्या कार्यशाळेत किती काम केलं आणि ते कुणाच्या सहीने विकलं गेलं, हे कुणी सांगावं? ‘लग्नानंतर थांबली’ हे आपण किती पटकन मान्य करतो.

बाकी धागा छान. ‘सध्या रंगवत नाही’ म्हणून मोकळं व्हा हे मात्र मला सगळ्यात घातक वाटलं. तरुण कलाकारांसाठीच्या कितीतरी पुरस्कारांना वयाची अट असते, आणि ती बरोबर त्याच वर्षांत संपते ज्या वर्षांत मुलं लहान असतात. निवासी शिबिरांना मूल घेऊन जायची सोय क्वचितच असते. बाई थांबली की तिच्यासाठी कुणी थांबत नाही. वाईट का असेना, काहीतरी करत राहा, नाव लोकांसमोर राहू दे.

गृहस्थ :

थोडी अप्रिय बाजू मांडतो. माझी बायको रंगवते, चांगलं रंगवते, विकलं फारसं जात नाही. घर माझ्या पगारावर चालतं. आठवड्याची अख्खी सकाळ, वेगळी खोली, मूल सांभाळायला पगारी माणूस, हे सगळं कमाई नसलेल्या कामासाठी मागितलं जातंय हे कुणीतरी म्हणायला हवं. व्यवसाय असेल तर प्रश्नच नाही. पण आवड असेल तर तिला आवडीइतकीच जागा मिळणार. मला पोहायला आवडतं. माझ्या पोहण्यासाठी घराने वेळापत्रक बदलावं असं मी म्हणत नाही.

खिडकीपाशी :

दादा, तुम्ही पोहायला जाता तेव्हा मुलांजवळ कोण असतं?

कोळसापेन्सिल :

😂 गृहस्थ यांच्या उत्तराच्या प्रतीक्षेत.

तोवर गंभीर मुद्दा. ‘विकलं जात नाही’ ही कसोटी लावायची तर अमेरिकन चित्रकर्ती ॲलिस नीलने कधीच ब्रश खाली ठेवायला हवा होता. पहिली मुलगी तान्ही असताना घटसर्पाने गेली. दुसरीला १९३० मध्ये नवरा क्यूबाला घेऊन गेला, ती सासरच्यांकडेच वाढली. त्यानंतर नील कोलमडली, रुग्णालयात राहावं लागलं. पुढे दोन मुलगे झाले, ते न्यूयॉर्कमधल्या घरातच वाढवले, आणि त्याच घरात माणसांना खुर्चीवर बसवून चित्रं रंगवली. सरकारी मदतीवर दिवस काढले. न्यूयॉर्कच्या व्हिटनी कला संग्रहालयाने तिचं मोठं प्रदर्शन भरवलं ते १९७४ मध्ये. तेव्हा ती ७४ वर्षांची होती.

तिच्या आयुष्याचं मी गोडवे गाणारं उदाहरण करणार नाही. मुलांनी काय किंमत मोजली हे आपण बाहेरून सांगू नये. पण कमाई आज आहे का यावर चित्राची लायकी ठरवणारा माणूस १९५० साली तिच्या दारात उभा असता, तर चुकला असता.

ज्यांना वेळच मिळत नाही त्यांनी मेरी केली या कलाकाराकडे बघा. १९७३ ते १९७९ ती मुलाच्या वाढीचीच नोंद करत राहिली, त्यात लंगोटातले डागाळलेले कागदही चौकटीत बसवले. १९७६ मध्ये लंडनमध्ये ते मांडल्यावर वर्तमानपत्रांनी गहजब केला. आज तो कलेच्या इतिहासाचा भाग आहे. आईपण कामाच्या आड येतंय तर त्यालाच कामात ओढा.

ओलारंग :

कोळसापेन्सिल, हे मला नेहमी सांगितलं जातं. दिवसभर मूल, आणि कॅनव्हासवरही मूलच? मला डोंगर रंगवायचेत. आई झाल्यावर माझा विषय आपोआप मूल व्हावा ही अपेक्षा कुठून आली? वडील झालेल्या चित्रकाराला कुणी म्हणत नाही की आता लंगोट रंगव.

निळाअंगठा :

मी या धाग्यात बसत नाही, मी चित्रकार नाही, चित्रकार बाईची मुलगी आहे. पण सगळे माझ्या वतीने बोलताहेत म्हणून लिहिते.

आईचं दार बंद असायचं. मी बाहेर बसून दाराखालच्या फटीतून तिच्या चपला बघायचे, मागे-पुढे, मागे-पुढे. वर ओलारंग यांनी ते मागे जाऊन बघणं लिहिलंय ना, ते मला फक्त चपलांवरून माहीत आहे. मला त्याने दुःख झालं का? थोडं कंटाळवाणं वाटायचं, मग मी दुसरं काहीतरी शोधायचे. खरा छळ वेगळा होता. ‘जरा अशीच बस, हलू नकोस.’ मान अवघडली तरी बसायचं, आणि शेवटी चित्रात मी ओळखूही येत नसे. शाळेच्या वह्यांवर तिच्या अल्ट्रामरीन निळ्या अंगठ्याचे ठसे असायचे, बाईंनी विचारलं की मी शाई सांडली म्हणायचे.

मध्ये काही वर्षं तिने रंगवणं सोडलं होतं. दार सतत उघडं होतं त्या काळात. घरातलं प्रत्येक भांडण मला त्या वर्षांतलं आठवतं. तिरकस नाव टिकवण्याबद्दल बोलताहेत, ते ठीक. मी घरातल्या हवेबद्दल बोलतेय. आईसाठी नाही, निदान पोरांसाठी तरी तिला तिची सकाळ द्या.

जलरेषा :

निळाअंगठा, चपलांचं वाचून मी उठून माझ्या दाराखालची फट बघून आले. तरीही म्हणेन, तुमच्या आईकडे बंद करायला दार होतं. माझं टेबल पोरांच्या खाटेला लागून आहे.

गृहस्थ :

पोहायला जातो तेव्हा मुलांजवळ बायको असते, उघड आहे. ती रंगवायला बसेल तेव्हा मी असेन, यालाही ना नाही. पण ओलारंग पगारी माणूस आणि खोली म्हणतात, तो खर्च कुणी करायचा, हे अजून एकानेही सांगितलेलं नाही.

ओलारंग :

पगारी माणूस मी कुठेच म्हटलं नाही, वर जाऊन वाचा. ‘दुसऱ्या कुणाच्या तरी’ म्हटलंय. ते दुसरं कुणीतरी तुम्हीच आहात, आणि तुम्ही आत्ताच हो म्हणालात. वार कुठला ते बायकोला विचारून इथे कळवा.