‘प्रतिबंधक’ की ‘प्रतिबंधित’ प्रतिजैविके?

प्रश्न : कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रियांच्या माहितीपत्रकात ‘अँटिबायोटिक प्रोफिलॅक्सिस’साठी (म्हणजे जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून आधीच प्रतिजैविक देण्यासाठी) ‘प्रतिबंधित प्रतिजैविके’ असे छापलेले आढळले. हा शब्द योग्य आहे का? रुग्णालयात तर सर्रास ‘अँटिबायोटिकचे कव्हर’ असे म्हणतात.

उत्तर : योग्य नाही, आणि ही चूक गंभीर आहे. ज्यावर बंदी आहे ते प्रतिबंधित. जे रोखते ते प्रतिबंधक. ‘रोगप्रतिबंधक लस’ हा प्रयोग सर्वांच्या परिचयाचा असल्यामुळे ‘प्रतिबंधक प्रतिजैविक’ हाच शब्द घ्यावा.

मात्र या शब्दाच्या अर्थात वेळही येते, हे पत्रकात स्पष्ट करायला हवे. जंतू जखमेत शिरतात त्या क्षणी औषध ऊतींमध्ये हजर असावे लागते. म्हणून सेफाझोलिनसारखे प्रतिजैविक चीर देण्यापूर्वीच्या 60 मिनिटांत शिरेतून देतात. अमेरिकी शल्यचिकित्सक जॉन बर्क यांनी 1961 मध्ये गिनीपिगांवरील प्रयोगांतून दाखवले की, जंतुसंसर्ग होऊन तीन तास उलटल्यावर दिलेल्या औषधाचा जवळजवळ काहीच उपयोग होत नाही. शस्त्रक्रिया संपल्यावर, केवळ खबरदारी म्हणून, ही औषधे चालू ठेवू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही 2016 मध्ये सांगितले आहे. घरी नेण्यासाठी लिहून दिलेल्या पाच दिवसांच्या गोळ्यांना म्हणूनच ‘प्रतिबंधक’ म्हणणे मला पटत नाही.

शस्त्रक्रियेगणिक गरजही बदलते. स्वरयंत्राच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत घसा उघडला जाऊन लाळ मानेतील जखमेत उतरते, त्यामुळे तेथे प्रतिबंधक औषध आवश्यकच असते आणि वरील नियमाला अपवाद म्हणून ते साधारणपणे 24 तासांपर्यंत देतात. उलट मुलांच्या टॉन्सिल काढताना ते सरसकट देऊ नये, अशी अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेची 2019 ची ठाम शिफारस आहे.

प्रश्न : मग ‘पूर्वोपचार’ कसा वाटतो?

उत्तर : उपचार म्हटले की आजार आधीच आहे असा समज होतो, येथे तर तो अजून झालेलाच नसतो. ‘कव्हर’ बोलण्यात राहील, पण जखम भरेपर्यंत पांघरूण हवे असा अर्थ त्यातून निघतो, त्यामुळे पत्रकात तो टाळावा. वाक्य असे करता येईल : ‘जखमेत जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून चीर देण्यापूर्वी प्रतिबंधक प्रतिजैविकाची एक मात्रा शिरेतून दिली जाईल.’