एल. ए. टेनोरिओचे सलग ७४४ सामने: एवढ्या लहान चणीच्या गार्डला हे जमलं कसं?

निळी_जर्सी:
पीबीए या फिलिपिन्सच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या टेनोरिओबद्दल जाणकारांना विचारायचं आहे. २००६ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) सॅन मिगेल संघाने त्याला चौथ्या क्रमांकावर घेतलं. २००८ मध्ये तो अलास्काकडे गेला, २०१२ मध्ये बारांगाय हिनेब्राकडे. संघ बदलले, प्रशिक्षक बदलले, पण २०२३ च्या गव्हर्नर्स कपपर्यंत या पठ्ठ्याने एकही सामना चुकवला नाही. खेळतो गार्ड म्हणून, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ जुळवणारा, आणि उंची जेमतेम पाच फूट आठ इंच.
ही मोजणी नेमकी कशी होते? यात दैवाचा भाग किती आणि खेळण्याच्या पद्धतीचा किती? आणि ज्याला सीझनचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडूचा किताब) कधीच मिळाला नाही, त्याला आलापाग किंवा अबारिएन्टोस या एमव्हीपी मिळवलेल्या गार्डांच्या पंगतीत बसवायचं का?

चोवीस_सेकंद:
आधी हिशोब. पीबीएत एक सीझन म्हणजे एक लीग नव्हे, वेगवेगळ्या स्पर्धा असतात. फिलिपीन कपमध्ये परदेशी खेळाडू नसतो. कमिशनर्स कप आणि गव्हर्नर्स कपमध्ये प्रत्येक संघाला एक मिळतो, आणि गव्हर्नर्स कपमध्ये त्याच्या उंचीची मर्यादा जास्त कडक असते. बारा संघ असतील तर एका स्पर्धेत साधारण साखळीचे ११ सामने, वर साखळीनंतरचे बाद फेऱ्यांचे. अंतिम मालिका सातपर्यंत गेली की आकडा भराभर वाढतो. टेनोरिओ पदार्पण करत होता तेव्हा वर्षात दोनच स्पर्धा व्हायच्या. तीनची पद्धत २०१०-११ पासून परत आली. २०२० मध्ये तर महासाथीमुळे एकच झाली.
नुसतं गणवेश घालून बाकावर बसलं तर सामना धरत नाहीत, कोर्टवर उतरावंच लागतं. आधीचा विक्रम ॲल्विन पॅट्रिमोनिओचा, ५९६ सामन्यांचा. तो टेनोरिओने २०१९ मध्ये मोडला. पॅट्रिमोनिओ फॉरवर्ड होता, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू, अंगाने दणकट. गार्डने तो आकडा ओलांडणं ही वेगळीच गोष्ट आहे, कारण प्रत्येक स्क्रीनवर, म्हणजे वाट अडवून उभ्या राहिलेल्या खेळाडूवर, आपटतो तो गार्डच.

जम्प_स्टॉप:
दैवापेक्षा पद्धत, हे माझं ठाम मत. त्याचे पाय बघा. लहान चणीचे बहुतेक गार्ड रिंगखाली एका पायावर उडी घेतात, हवेत सेंटरला (रिंगखालच्या सर्वांत उंच खेळाडूला) धडकतात आणि खाली येताना कुणाच्या तरी बुटावर पाऊल पडतं. घोटे तिथेच जातात. टेनोरिओ त्या गर्दीत शिरतच नाही म्हटलं तरी चालेल. फ्री थ्रो रेषेच्या आसपास तो वेग अचानक कमी करतो. बचावपटूचं वजन टाचेवर गेलं की तिथूनच उडून शॉट. आणखी आत गेला तर सेंटरने पाऊल पुढे टाकायच्या आत फ्लोटर, म्हणजे त्याच्या हातावरून उंच, हलकेच सोडलेला चेंडू. दोन्ही वेळा उतरतो तो दोन पायांवर, रिकाम्या जागेत.
हा शॉट शिकणाऱ्यांची चूक ठरलेली असते: चेंडू उशिरा सोडणं. एक ड्रिबल जास्त झाला की सेंटरचा हात वर आलेला असतो. मग हात चुकवायला शरीर मागे झुकतं, चेंडू आखूड पडतो आणि पाठीवर पडायची वेळ येते. शेवटचं ड्रिबल जोरात मारायचं, चेंडू उसळून थेट छातीशी आला पाहिजे.
दुसरं कारण प्रशिक्षक टिम कोन. अलास्कात २०११ पर्यंत आणि हिनेब्रात २०१५ पासून टेनोरिओ त्याच्या हाताखाली होता, आणि कोन म्हणजे ट्रँगल ही आक्रमणाची पद्धत. त्यात गार्डने विंगला (बाजूला उभ्या खेळाडूला) पास द्यायचा आणि बचावाला कापत कोपऱ्यात जायचं. पोस्टमधला (रिंगजवळचा) मोठा खेळाडू, विंग आणि कोपरा असा त्रिकोण तयार होतो. दर वेळी चेंडू घेऊन पिक अँड रोलमध्ये, म्हणजे सहकाऱ्याच्या स्क्रीनचा आधार घेत, दोन बचावपटूंच्या मधे घुसावं लागत नाही. १९९६ चा एमव्हीपी अबारिएन्टोस, पाच फूट सात इंचांचा, तोही कोनच्या अलास्कात याच आराखड्यात फुलला.

चोवीस_सेकंद:
पद्धतीचं पटलं, पण नशीब आणि जिद्द अगदीच वगळू नका. २०२० मध्ये क्लार्कच्या बबलमधली (महासाथीमुळे सगळे संघ एकाच ठिकाणी बंदिस्त ठेवून घेतलेली) स्पर्धा तोंडावर असताना त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. सलग सामन्यांची मालिका तिथेच तुटायची भीती होती. तरी तो पहिल्या सामन्यापासून उतरला, हिनेब्राने टीएनटी संघाला ४-१ ने हरवून फिलिपीन कप जिंकला आणि अंतिम मालिकेचा एमव्हीपी तोच ठरला.

तिसरा_क्वार्टर:
एमव्हीपीच्या मुद्द्यावर: सीझनचा एमव्हीपी ठरवताना सांख्यिकी गुणांचं वजन मोठं असतं. गुण, रिबाउंड, असिस्ट सगळं त्यात येतं, त्यामुळे रिबाउंड गोळा करणाऱ्या उंच खेळाडूला आपोआप फायदा. जून मार फाहार्डो या सेंटरने २०१४ पासून ओळीने सहा एमव्हीपी घेतले, म्हणजे टेनोरिओच्या ऐन उमेदीची सगळी वर्षं गेली. त्याचं मोजमाप अंतिम मालिकांत करा. २०१६ च्या गव्हर्नर्स कपात हिनेब्राचा आठ वर्षांचा दुष्काळ संपला. शेवटच्या क्षणाचा हिनेब्राच्या परदेशी खेळाडूचा, ब्राउनलीचा, तीन गुणांचा शॉट सगळ्यांना आठवतो, पण फायनल्स एमव्हीपी (अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू) टेनोरिओ होता. २०१७ लाही तोच. २०२० धरून हिनेब्राकडून तीन.
आलापाग २०११ चा एमव्हीपी आणि नेमबाज म्हणून सरस, हे मान्य. पण चौथ्या क्वार्टरमध्ये खेळाचा वेग हातात ठेवण्यात टेनोरिओ मला उजवा वाटतो. २०१२ चा जोन्स कप बघा, तैवानमधली आंतरराष्ट्रीय स्पर्धा. शेवटच्या सामन्यात फिलिपिन्सने अमेरिकेच्या संघाला ७६-७५ असं हरवून करंडक नेला, आणि स्पर्धेचा एमव्हीपी टेनोरिओ.

निळी_जर्सी:
सगळ्यांचे आभार. मालिका कर्करोगामुळे तुटली असं वाचलं होतं, ते बरोबर का?

जम्प_स्टॉप:
क्रम थोडा वेगळा आहे. आधी जांघेच्या दुखापतीने तो बाहेर बसला आणि ७४४ वर मालिका थांबली. मार्च २०२३ मध्ये त्याने स्वतःच जाहीर केलं की मोठ्या आतड्याचा कर्करोग आहे, तिसऱ्या टप्प्यातला. म्हणजे त्याच जानेवारीत फिलिपीन अरेनात ५४,५८९ प्रेक्षकांसमोर बे एरिया संघाविरुद्ध अंतिम मालिकेचा सातवा सामना जिंकणाऱ्या संघात तो होता, आणि दोन महिन्यांत ही बातमी. शस्त्रक्रिया, मग केमोथेरपी, आणि २०२३-२४ च्या कमिशनर्स कपात तो पुन्हा कोर्टवर.
२०२५ मध्ये मॅग्नोलिया संघाने त्याला मुख्य प्रशिक्षक नेमलं आणि खेळाडू म्हणूनही घेतलं. हिनेब्राचे चाहते ज्या संघाविरुद्ध सर्वांत जोरात ओरडतात, तोच हा संघ.