पामडेलसारखं टेहळणी विमानांचं खुलं संग्रहालय मुंबईत हवं का?

चेंबूरकर:
मुलीकडे गेलो होतो, तेव्हा कॅलिफोर्नियात पामडेलचं ब्लॅकबर्ड एअरपार्क पाहिलं. वाळवंटात एसआर-७१, ए-१२ आणि यू-२ ही अमेरिकेची टेहळणी विमानं एकाच आवारात उभी. एप्रिल १९६२ मध्ये सर्वांत आधी उडालेलं ए-१२ ते हेच! तिकीट नाही. पोटाखाली उभं राहून वर पाहिलं आणि डोळे भरून आले. जुनी विक्रांत युद्धनौका आणि तिच्यावरची आलिझे टेहळणी विमानं मुंबईने जवळून पाहिली. समुद्राकाठी अशी जागा आपल्याकडे का नसावी?

माहीमकर:
माझा ठाम विरोध. विमानांच्या देखभालीत आयुष्य गेलं, म्हणून लिहितोय. तिथल्या मोजावे वाळवंटात पाऊस नावाला. आपल्याकडे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर. एसआर-७१ बहुतांश टायटॅनियमचं, कारण ध्वनीच्या तिप्पट वेगाला अंग भाजून निघायचं. आपली जुनी विमानं अ‍ॅल्युमिनियमची. खारं पाणी पत्र्यांच्या जोडात शिरतं, रिव्हेटभोवती पांढरी भुकटी धरते, आणि वरून रंग छान दिसत असताना आतून पत्रा पापुद्र्यांनी सुटतो. विक्रांतचं काय झालं? २००१ ते २०१२ संग्रहालय, २०१४ मध्ये भंगारात. पुन्हा तेच बघायचं नाही मला.

डोंबिवलीकर:
माहीमकर काका, मग गोव्याचं काय? १९९८ पासून नौदलाच्या संग्रहालयात सुपर कॉन्स्टेलेशन उघड्यावर आहे. आधी एअर इंडियाचं प्रवासी विमान, पुढे हवाई दलात, १९७६ पासून ही विमानं नौदलाच्या सागरी टेहळणीला. तिथेही तोच पाऊस, तोच वारा. विशाखापट्टणमला तर बीच रोडवरच नौदलाचं टेहळणी विमान टीयू-१४२ आहे, २०१७ पासून, लोक तिकीट काढून आत जातात.

माहीमकर:
दोन्हीकडे निगा राखायला माणसं आहेत. मुंबईत उद्घाटनाला सगळे येतील. तिसऱ्या पावसाळ्यानंतर गोड्या पाण्याने विमान धुवायला कोण येणार, ते आधी ठरवा.

ठाण्याची शिक्षिका:
माझ्या वर्गातल्या मुलांनी विमान फक्त आकाशात पाहिलंय. त्यांना हात लावू द्या. आणि १ मे १९६० ला सोव्हिएत हद्दीत यू-२ पाडलं गेलं, वैमानिक पकडला गेला, हेही सांगा. नुसता वेग सांगून भागत नाही.

चेंबूरकर:
माहीमकर, धुण्याचा मुद्दा मान्य, मी तो विचारच केला नव्हता. उंच छप्पर घाला, बाजू मोकळ्या ठेवा. पण दोरी बांधून वीस फूट लांब नका ठेवू. पोटाखाली जाता आलंच पाहिजे, तिथेच तर कॅमेरे बसवलेले असायचे.