बोअरवेलच्या पाण्यावर बाल्कनीतील झाडे तगत नाहीत : परवडणारे चांगले पाणी कोठून आणावे?

अनंत_मोगरा (प्रश्न)

नमस्कार. आम्ही पुण्याच्या हद्दीलगतच्या एका सोसायटीत राहतो. महापालिकेची जलवाहिनी अद्याप येथपर्यंत पोहोचलेली नसल्यामुळे वर्षभर बोअरवेलचे पाणी आणि उन्हाळ्यात त्याच्या जोडीला टँकर, अशी आमची व्यवस्था आहे. बाल्कनीत लहानमोठ्या चाळीस कुंड्या असून त्यांना उन्हाळ्यात दररोज साधारण २० लिटर पाणी लागते.

गेल्या दीड वर्षात अनंताची नवी पाने पिवळी पडू लागली आहेत, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. कढीपत्त्याचीही तीच गत आहे. मोगऱ्याच्या जुन्या पानांच्या कडा करपल्या आहेत आणि त्याच्या मातीच्या कुंडीवर बाहेरून पांढरा थर चढला आहे, जो नखाने खरवडला तर पिठासारखा गळतो. या पाण्यात तुरीची डाळही धड शिजत नाही, त्यामुळे पाणी जड आहे हे आम्हाला ठाऊक होतेच. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) मोजणाऱ्या मीटरवर नळाचे पाणी ८४० दाखवते.

स्वच्छ पाणी मिळावे म्हणून काही दिवस मी २० लिटरचे जार विकत घेतले, परंतु रोज एक जार केवळ झाडांसाठी घेणे आम्हाला परवडणारे नाही. सध्या स्वयंपाकघरातील आरओ यंत्रातून टाकाऊ म्हणून बाहेर पडणारे पाणी बादलीत साठवून तेच झाडांना घालते. निदान ते गाळणीतून गेलेले असते आणि वायाही जात नाही, असा माझा विचार होता. तरीही झाडे सुधारत नाहीत. कमी खर्चात चांगले पाणी मिळवण्याचा कोणता मार्ग आहे?

कुंडीकर

आपण प्रथम त्या आरओच्या बादलीत मीटर बुडवून पाहावा. आरओ यंत्र क्षार नष्ट करत नाही, ते केवळ त्यांची वाटणी करते. पिण्याच्या पाण्यातून काढलेले क्षार त्या दुसऱ्या नळीतून बाहेर पडतात. जेथे मूळ पाणी धरणाचे आणि मऊ असते, तेथे हे पाणी झाडांना घातले तरी बिघडत नाही, आणि ‘आरओचे वाया जाणारे पाणी झाडांना घाला’ हा सल्ला बहुधा अशाच घरांतून आलेला असतो. तुमच्याकडे मात्र झाडांच्या वाट्याला नळापेक्षाही वाईट पाणी जात असावे, अशी मला दाट शंका आहे.

आणखी एक विचारतो. सोसायटीत पाणी मऊ करणारे सॉफ्टनर यंत्र बसवलेले आहे का?

अनंत_मोगरा

बादलीतील पाणी ११८० भरले. माझे मलाच वाईट वाटले. सॉफ्टनर आहे, परंतु तो मागील वर्षापासून बंद असून दुरुस्तीचा विषय दर सभेत पुढे ढकलला जातो.

पाणीपारखी

मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

तुमचे आकडे एकमेकांशी जुळतात. ८४० टीडीएसचे पाणी आत गेले, त्यातील सुमारे तीस टक्के पाणी ६० टीडीएसचे होऊन पिण्याच्या टाकीत पडले, तर उरलेल्या सत्तर टक्क्यांत बाकीचे सर्व क्षार एकवटणार आणि ते पाणी ११८० च्या घरात जाणार, हा साधा हिशेब आहे. ते पाणी फरशी पुसण्यासाठी आणि संडासात ओतण्यासाठी ठेवावे. कुंड्यांना ते आजपासून बंद करावे.

झाडांच्या दृष्टीने ‘स्वच्छ’ या शब्दाचा अर्थ आपल्या अर्थाहून वेगळा आहे. गढूळपणा किंवा थोडेबहुत जंतू यांचे कुंडीतील मातीला फारसे काही वाटत नाही, तिला त्रास होतो तो विरघळलेल्या क्षारांचा, जे डोळ्यांना दिसत नाहीत आणि कोणत्याही साध्या गाळणीत अडकत नाहीत. म्हणूनच तुरटी फिरवण्याचाही येथे उपयोग नाही, कारण तुरटी गाळ खाली बसवते, क्षार जागच्या जागीच राहतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम असून दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत सूट आहे. सिंचनाच्या पाण्यासाठी अन्न व कृषी संघटनेची मार्गदर्शिका ४५० पेक्षा कमी पाणी निर्धोक मानते आणि ४५० ते २००० या टप्प्यात सावधगिरी सांगते. ही मर्यादा शेतासाठी आहे, जेथे क्षार पावसाबरोबर खोल झिरपून जातात. कुंडीत ते जाणार कोठे? पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात, आणि आठ इंची कुंडीत दीड वर्षात त्यांचा चांगलाच साठा होतो. तुमच्या कुंडीवरचा पांढरा थर म्हणजे मातीच्या भिंतीतून पाझरून बाहेर सुकलेला त्याच साठ्याचा भाग आहे.

तुम्ही वर्णन केलेल्या लक्षणांत दोन वेगळे आजार आहेत. मोगऱ्याच्या जुन्या पानांच्या करपलेल्या कडा या एकूण क्षारांमुळे आहेत. अनंत आणि कढीपत्ता यांची पिवळी नवी पाने मात्र पाण्यातील बायकार्बोनेटमुळे आहेत. बायकार्बोनेट मातीचा सामू (पीएच) हळूहळू वर नेतो आणि सामू वर गेला की मातीत लोह असूनही ते मुळांना घेता येत नाही. टीडीएस मीटर क्षारांची गोळाबेरीज सांगतो, कोणता क्षार आहे ते सांगत नाही. बायकार्बोनेट किती आहे हे ढोबळमानाने पाहायचे असेल तर एका स्टीलच्या पातेल्यात नळाचे पाणी दहा मिनिटे उकळून गार होऊ द्यावे. तळाशी पांढरी साय किंवा भुकटी बसली तर ते भरपूर आहे, असे समजावे. आकडाच हवा असल्यास मत्स्यालयाच्या सामानाच्या दुकानात ‘केएच’ मोजण्याच्या पट्ट्या मिळतात, त्यांवरील एक अंश म्हणजे लिटरमागे सुमारे १८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, अर्थात सुमारे २२ मिलिग्रॅम बायकार्बोनेट. रीतसर अहवाल हवा असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना देता येतो.

सॉफ्टनर बंद आहे हे झाडांसाठी इष्टापत्तीच समजा. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम सोडले जाते, त्यासाठीच तर त्याला मिठाच्या गोणी लागतात. साबणाला फेस येतो, गिझर वाचतो, पण सोडियम मातीचा पोत बिघडवतो आणि बायकार्बोनेट होते तेवढेच राहते. मीटरवरही फरक दिसत नाही, त्यामुळे माणूस फसतो. यंत्र पुन्हा सुरू झाले तर झाडांसाठीचे पाणी यंत्राच्या आधीच्या नळावरून घ्यावे.

ठाणेकर_गच्ची

वरील प्रतिसाद उत्तम आहे, मी केवळ पाणी कोठून मिळेल तेवढे लिहिते. आमच्याकडे दीड टनाचा एसी रात्रभर चालतो आणि सकाळी त्याच्या नळीखालची दहा लिटरची बादली भरलेली असते. हे पाणी हवेतील बाष्पाचे असल्याने त्यात क्षार जवळजवळ नसतात, माझ्या मीटरवर ते २० ते ३० दाखवते. पिण्यासाठी ते मुळीच वापरू नये, कारण ते यंत्राच्या धुळकट पत्र्यांवरून येते, परंतु झाडांना ते पावसाच्या पाण्यासारखेच असते. पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये तुम्हाला इतके मिळणार नाही, हे गृहीत धरावे. मे महिन्याच्या अखेरीस हवा दमट होऊ लागली की बादली भरू लागेल.

तांदूळ आणि डाळी धुतलेले पाणी आम्ही कुंड्यांना घालतो, पण तुमच्याकडे तेही बोअरवेलचेच असल्याने क्षारांच्या बाबतीत त्याने काही साधणार नाही. कपड्यांचे साबणाचे पाणी मात्र कोणी कितीही सुचवले तरी घालू नये, कारण धुण्याच्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो.

कुंडीकर

एसीच्या पाण्याचा खरा उपयोग ते नळाच्या पाण्यात मिसळण्यात आहे. ८४० चे एक भांडे आणि २० चे एक भांडे एकत्र केले की ४३० चे दोन भांडी पाणी होते, म्हणजे दहा लिटर चांगल्या पाण्यात वीस लिटरचे काम भागते.

आणि सर्व चाळीस कुंड्यांना एकच पाणी का घालावे? बोगनवेल, सदाफुली, अडेनियम, पालक आणि बीट यांना तुमच्या नळाचे पाणी चालेल. अनंत, कढीपत्ता, जास्वंद, नेचे, ऑर्किड, तसेच घेवडा आणि स्ट्रॉबेरी लावली असेल तर ती, यांच्यासाठीच चांगले पाणी राखून ठेवावे. तुमच्याकडे अशा नाजूक कुंड्या किती आहेत?

अनंत_मोगरा

नीट मोजल्या तर सहाच आहेत. त्यांना मिळून दिवसाला तीन लिटर पुरतील. मी वीस लिटरचा घोर लावून बसले होते.

मोठ्या भावाने कुंड्यांत हिराकस घालण्यास सांगितले आहे. ते करावे का? शिवाय पावसाचे पाणी उन्हाळ्यापर्यंत साठवता येईल का?

पाणीपारखी

हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. सामू चढलेल्या मातीत ते घातले की त्यातील लोह थोड्याच काळात पुन्हा न विरघळणाऱ्या रूपात जाते, त्यामुळे दादांचा सल्ला चुकीचा नसला तरी तो पाण्याचा प्रश्न सुटल्यानंतरचा आहे. लोहच द्यायचे असेल तर ‘ईडीडीएचए’ या रूपातील चिलेट (सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेले लोह) घ्यावे, ते चढ्या सामूतही टिकते. दुकानदार ‘ईडीटीए’चे पाकीट पुढे करील, तुमच्या मातीत त्याचा निभाव लागणार नाही.

नळाचेच पाणी वापरावे लागेल त्या दिवशी त्यात सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, घालता येते. बायकार्बोनेट लिटरमागे ४०० मिलिग्रॅमच्या आसपास असेल तर दहा लिटरला ४ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, पुरतो. चमचा घालून ढवळले की थोड्या वेळाने बादलीच्या आतल्या बाजूला बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात. तो बायकार्बोनेटमधून सुटणारा कार्बन डायऑक्साइड आहे. सामू मोजण्याच्या पट्टीवर तो ६ ते ६.५ आला की थांबावे, त्याहून खाली नेऊ नये. मातीतील जिवाणू हे सत्त्व खाऊन टाकतात आणि सामू हळूहळू पुन्हा वर सरकतो, त्यामुळे हा उपाय तात्पुरता आहे आणि एकूण क्षारही त्याने कमी होत नाहीत. तरीही कोरड्या एप्रिल महिन्यासाठी याहून स्वस्त असे मला तरी काही ठाऊक नाही.

पावसाच्या पाण्याचा हिशेब आता सोपा झाला आहे. दिवसाला तीन लिटर आणि उन्हाळ्याचे १२० दिवस, म्हणजे ३६० लिटर. दोनशे लिटरचे दोन ड्रम झाले की तुमचे काम झाले. एक चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. दहा चौरस मीटरचे छप्पर घेतले तर सुमारे ५० मिलिमीटर पावसात, थोडे सांडलवंड धरूनही, दोन्ही ड्रम भरतील. पहिल्या पावसाचे पाणी छपरावरील धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा घेऊन येते, ते वाहून जाऊ द्यावे. ड्रम सप्टेंबरमध्ये, हवा धुऊन निघाल्यावर भरलेले चांगले.

ड्रम बाल्कनीत मात्र ठेवू नका. भरलेला एक ड्रम दोनशे किलोंहून अधिक भरतो. खाली पार्किंगच्या कडेला, पावसाच्या पन्हळीजवळ जागा मागा. झाकण घट्ट हवे आणि तोंडाला बारीक कापड बांधलेले हवे, नाहीतर आठवडा-दहा दिवसांत त्यात डेंग्यूचे डास तयार होतील आणि सोसायटीचे लोक ड्रमबरोबर तुमच्या झाडांवरही राग धरतील. उजेड आत गेल्यास शेवाळ धरते, म्हणून निळा किंवा काळा अपारदर्शक ड्रम घ्यावा.

जांभ्यावरची_बाग

आमच्याकडे रत्नागिरीजवळ अगदी उलट आहे. जांभ्याच्या दगडातून येणारे विहिरीचे पाणी इतके मऊ, की साबण धुऊन निघता निघत नाही, आणि अनंत परसात वाऱ्यावर वाढतो. खाडीलगतच्या विहिरी तेवढ्या मे महिन्यात मचूळ होतात, तेव्हा तेथील लोक बागेला पाणी घालण्यापूर्वी ते चाखून पाहतात. मीटर नसण्याच्या काळातील ही पद्धत आहे.

एक गोष्ट आपल्या सर्वांच्या लिहिण्यात राहिली. पावसाळ्यात छपराखालच्या कुंड्या उघड्या पावसात ठेवाव्यात. दोन-तीन जोरदार सरींत मातीतील साठलेले क्षार तळाच्या भोकातून निघून जातात. मात्र भोके मोकळी असली पाहिजेत आणि कुंडीखालची ताटली काढून ठेवलेली असली पाहिजे, नाहीतर निघालेले क्षार माती पुन्हा शोषून घेते.

अनंत_मोगरा

सर्वांचे मनापासून आभार. सहा आठवड्यांनी लिहीत आहे. आरओची बादली आता संडासात रिकामी होते. सहा नाजूक कुंड्यांच्या वरचा इंचभर थर काढून नवी माती घातली आणि त्यांना एसीचे पाणी नळाच्या पाण्यात निम्मे मिसळून देते. एसी चालला नाही त्या दिवशी लिंबूसत्त्वाचा चमचा वापरते. बुडबुडे खरोखरच दिसतात, माझ्या मुलीला ते पाहण्यासाठी रोज बोलवावे लागते.

अनंताची पिवळी पाने पिवळीच आहेत, परंतु शेंड्याला आलेली चार नवी पाने पूर्ण हिरवी आहेत. कढीपत्ता अद्याप रुसलेला आहे. बाहेर ठेवण्याजोग्या कुंड्या पहिल्या जोरदार पावसात गॅलरीच्या कठड्याबाहेरील जाळीत ठेवल्या, तेव्हा पहिल्या तासाभरात तळातून पडलेले चहाच्या रंगाचे पाणी मीटरवर १९०० च्या पुढे गेले आणि संध्याकाळपर्यंत ६०० वर उतरले.

ड्रमसाठी पार्किंगमधील जागेचा अर्ज दिला आहे. समितीने तो सॉफ्टनरच्या विषयाखालोखाल, पुढील सभेच्या पत्रिकेत ठेवला आहे.