मदत हवी आहे: आईचं कौन्सेलिंग चालू आहे पण तिचं बोलणं तिथे पोचतच नाही

नमस्कार मंडळी, डिचोलीहून लिहितेय. बाबांना जाऊन सात महिने झाले, तेव्हापासून आईला झोप नाही, जेवण नाही. सारखं म्हणते काळीज जळतंय गो, डोकं बधिर झालंय. उदास वाटतं असं एकदाही म्हणाली नाही. डॉक्टरांच्या गोळ्यांनी झोप जरा सुधारली, त्यांनीच कौन्सेलिंग सांगितलं म्हणून पणजीला एका मॅडमकडे नेते. मॅडम मनाने चांगल्या आहेत, पण सगळं इंग्लिश-हिंदीत, मधे दुभाषी मी, आणि मुलीच्या तोंडून आई आपलं दुःख काय सांगणार?

त्यांनी वही दिली, रोज काय वाटलं ते लिहा, दहापैकी मार्क द्या. परवा उघडून बघितली तर आईने लिहिलंय, "सोमवार, शिवराक. बुधवार, बांगड्याचं हुमण केलं, तसंच उरलं." (शिवराक म्हणजे शाकाहारी जेवण, हुमण म्हणजे माशाचं कालवण.) बुधवारचं हुमण बाबांचं. मला त्या एका ओळीत सगळं दिसलं, मॅडम म्हणाल्या नीट भरलं नाही.

मग म्हणाल्या पूर्वी आवडायचं ते परत सुरू करा. आईला अबोलीचे वळेसर (गजरे) करायला आवडायचं, रोज माळायची. आता मी कशी माळू म्हणते. मला हे पटत नाही, पण आत्ता तिच्याशी त्यावरून वाद घालवत नाही. शेवटी म्हटलं देवीला कर, तर दोन दिवस केले आणि दोन्ही दिवस दुपारी पोटभर जेवली.

आपल्या गोव्यातच मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संगाथ संस्थेच्या लोकांनी 10 आरोग्य केंद्रांत डिप्रेशनच्या 495 पेशंटांचा अभ्यास केला, त्यातल्या साधारण अर्ध्यांबरोबर असंच काम केलंय, 2017 ला लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये आलं होतं. डिग्रीवाले थेरपिस्ट नव्हे, ट्रेनिंग दिलेली इथलीच माणसं, 6 ते 8 भेटी, आणि भर बंद पडलेली कामं हळूहळू परत सुरू करण्यावर. मग आईच्या बाबतीत का जमू नये?

कोंकणी-मराठीत बोलणारं, म्हापसा-डिचोलीकडे कोणी आहे का? की याच मॅडमना वळेसराचं, हुमणाचं सांगून बघू, आणि कसं सांगू म्हणजे त्यांना राग येणार नाही? अजून एक, काकी म्हणते देवळात कौल घेऊया, आईलाही जायचंय. गोळ्या बंद करणार नाही, पण मॅडमना हे सांगावं का? कोणाच्या घरी असं झालं असेल तर प्लीज लिहा, पुढची भेट गुरुवारी आहे.